अडकलेले त्रेसष्ट निरोप

कोचकोर, ११ फेब्रुवारी २०१९

मेडेर,

पांढरं पान! तीन रविवार ह्या डबड्यापुढे घालवले आणि पदरात काय पडलं, तर पांढरं पान. अरे, शिव्या दे, चूक दाखव, निदान धूर तरी काढ! ढिम्म. तू जाण्याआधी लिनक्स बसवून गेलास ते नीट चालतंय. वेब सर्व्हर चालतो, डेटाबेस चालतो. तुझ्या वहीतल्या आज्ञा मी अक्षर न् अक्षर टाइप केल्या. तरी आपल्या गावाची साइट उघडली की पांढरं पान. आमच्या ग्रंथालयाच्या मोठ्या बाई रोज मागच्या खोलीत डोकावतात. काल त्यांनी सर्व्हरवर ओले मोजे वाळत घातले. गरम असतो म्हणे, उपयोगी आहे.

गाववाले वेगळंच डोकं खातायत. मोठ्या कंपनीचा तो ग्रुप आपण सोडला, कारण त्यात कोणीही घुसायचं आणि चिनारच्या लग्नाचे फोटो अख्ख्या बिश्केक शहरानं पाहिले. आता आपलं स्वतःचं नेटवर्क, आपल्या मशीनवर, आपल्याच माणसांसाठी, असं छाती ठोकून मी सांगितलंय. कामाला मॉस्कोला गेलेले विचारतात, सोलला गेलेले विचारतात, कधी?

आणि तुझी आई. बुरुल मावशी परवा सागिनच्या गाडीतून घाट ओलांडून आली, मांडीवर कुरुतची, वाळवलेल्या दह्याच्या गोळ्यांची पिशवी. म्हणाली, "मेडेरच्या तिथे फोन लागत नाही, मेल तेवढी येते ना? मग मी ह्याच्यात लिहिलं की त्याला मेल जाईल?" जाईल, म्हटलं. आता मला तोंडघशी पाडू नकोस. लवकर सांग काय करू.

तुझी थोरल्या बहिणीसारखी एजे,
साल्किनाय

*

खाण, १६ फेब्रुवारी

एजे,

आधी मोजे काढ! मशीनला श्वास घेऊ दे.

पांढरं पान म्हणजे साइटला तिच्याच फोल्डरांत लिहिता येत नाहीये. तू सगळे फोल्डर स्वतःच्या नावावर ठेवलेस. वेब सर्व्हर त्याच्या वेगळ्या नावानं काम करतो. ते फोल्डर त्याच्या नावावर कर. वहीचं नववं पान.

दुसरं, हे झाल्यावर क्रॉन विसरू नकोस. ते मशीनमधलं घड्याळ आहे. दर दहा मिनिटांनी वाजलं की साइट साठलेले निरोप मेलनं धाडते. नाही वाजलं तर निरोप रांगेत पडून राहतात. हरवत नाहीत, नुसते पडून राहतात.

इथे जेवणघराच्या कोपऱ्यात एकच कॉम्प्युटर. माणशी वीस मिनिटं, तीही रांग लावून. साइट उघडत नाही, फक्त मेल येते. बदलीचं विमान चौदा एप्रिलला, तोवर मी आणि बर्फ. दिवसभर यंत्रं हलत असतात म्हणून की काय, पडलो तरी अंग हलतंच. एका जागी बसवत नाही.

आपा, माझी आई, लिहील तेव्हा ते मला लगेच यायला हवं. निघताना मी तिला काय बोललो ते तू ऐकलंस. "तुझ्या गायी तुलाच लखलाभ." ते शब्द जिभेवरून जात नाहीत.

मेडेर

*

कोचकोर, २२ फेब्रुवारी

मेडेर,

चाललं! चाललं रे चाललं! मी ग्रंथालयात ओरडले आणि एक आजोबा वाचता वाचता दचकून खुर्चीवरून पडता पडता राहिले. चार दिवसांत एक्केचाळीस माणसं आली. मॉस्कोतला तालाय स्वतःच्या टॅक्सीचा फोटो टाकतो, लोक त्यावर भांडतात. अगदी गावासारखं.

सभासद नंबर एक, बुरुल मावशी. चार निरोप लिहिलेत तिनं, एका बोटानं, तुझ्यासाठी. काय लिहिलंय? मुळीच सांगणार नाही. मेल येईल तेव्हा तुझं तू वाच. येईल तशी कळव, मी इथे नखं खातेय.

साल्किनाय एजे

*

खाण, २६ फेब्रुवारी

एजे,

काही आलं नाही. रोज रांगेत पहिला उभा राहतो, काही नाही.

मला खात्री आहे, क्रॉन तू पुन्हा स्वतःच्या नावानं लावलंस. तीच चूक दुसऱ्यांदा! घड्याळ वेब सर्व्हरच्या नावानं लागायला हवं. एका ओळीचं काम आहे. आपाला सांग मी वाट बघतोय. आणि तू थोडं तरी सांगायचंस की काय लिहिलंय. रागावलीये का?

मेडेर

*

सारी-कुंगोय, ३ मार्च

साल्किनाय बाळ,

हा कागद सागिनच्या हाती देतोय. तो उघडणार नाही, त्याला वाचायचा कंटाळा आहे. तू तीन दिवस शोकाच्या तंबूत, युर्टमध्ये बसून आक्रोश केलास, घसा गेला असेल. दुधात लोणी घालून घे.

बुरुलला जाऊन आज पाच दिवस. माझ्या धाकट्या भावाची बायको, पण तो गेल्यावर ते घर तिनं पुरुषासारखं चालवलं. सकाळी चुलीपुढे बसली ती उठलीच नाही. असं मरण चांगलं म्हणतात लोक. म्हणू देत.

आता ऐक. मेडेरला कोणी एक शब्द सांगायचा नाही. मी आणि अकरा म्हाताऱ्यांनी बसून ठरवलंय. दूर असलेल्याला आपण असं कधी कळवत नाही, तुला माहीत आहे. तो एप्रिलात येईल, आम्ही फाटकाशी उभे राहू, मी त्याच्या खांद्यावर हात ठेवीन आणि तोंडानं सांगीन. तिकडे बर्फात त्याचं कोण आहे? तो कोसळला तर धरायला कोण? एकुलतं पोर आहे.

मला तुझ्या त्या यंत्राची भीती वाटते. त्याचं तोंड बांध.

कासिमाली आबा

*

कोचकोर, ५ मार्च

आबा, सलाम.

त्याचं तोंड माझ्या चुकीनं आधीच बांधलेलं आहे. आणि तीच आता माझ्या जिवाला लागलेली काळजी आहे.

कसं ते सांगते. साइटवर लोकांनी मावशीसाठी शोक लिहिलाय, मॉस्कोपासून सोलपर्यंत. एकूण एकोणसाठ. सगळ्यांनी मेडेरचं नाव घालून लिहिलंय, "धीर धर मेडेर", "तुझी आई आमचीही आई होती मेडेर". त्यांना वाटलं त्याला कळलं असेल. हे सगळे निरोप मेलनं त्याच्याकडे जायच्या रांगेत उभे आहेत. घड्याळ मी चुकीचं लावलं म्हणून जात नाहीत. ज्या दिवशी ते बरोबर लावायचं होतं त्याच दिवशी तुमचा फोन आला, आणि मी सगळं टाकून धावले.

मेडेर म्हणतो एका ओळीचं काम आहे. खरंच आहे. ती एक ओळ लिहिली की एकोणसाठ माणसं त्याच्या अंगावर जातील.

पुसून टाकू म्हटलं तर हात धजत नाही. रांगेच्या तोंडाशी मावशीचे चार निरोप आहेत, तिनं लेकाला लिहिलेले शेवटचे. तेवढे वेगळे कसे काढायचे मला येत नाही, आणि ज्याला येतं त्यालाच विचारता येत नाही! मला तेव्हा काय अवदसा आठवली देव जाणे. "सांगणार नाही, तुझं तू वाच" असं लिहिलं मी त्याला. गंमत म्हणून. चार ओळी उतरवून पाठवल्या असत्या तर काय बिघडलं असतं?

मेडेरला मशीनचा पासवर्ड ठाऊक होता, तो आज बदलला. तेवढी काळजी करू नका.

साल्किनाय

*

खाण, १० मार्च

एजे,

दोन आठवडे! जिवंत आहात ना सगळे? मेलमध्ये एक ओळ लिहायला काय जातं? घड्याळ लावलंस का? नसेल येत तर तसं सांग, मी इथल्या सर्वेवाल्याला पटवतोय. त्याची लाइन जरा बरी आहे, दहा मिनिटं दिली तर मीच बाहेरून मशीनमध्ये येऊन लावतो.

आपा कशी आहे? एवढंच लिही.

मेडेर

*

कोचकोर, १३ मार्च

मेडेर,

आहोत रे बाबा. ग्रंथालयाची तपासणी आली, मग चार दिवस वीज नव्हती, मग उंदरानं केबल खाल्ली. तू बाहेरून काही हात लावू नकोस, उगाच बिघडेल. मीच करते.

मावशी गुडघ्यांसाठी गरम झऱ्यांना गेलीये, तिथे सिग्नल नाही. तू नीट जेव, अंगावर घाल.

एजे

*

खाण, १७ मार्च

एजे,

मार्चमध्ये गरम झऱ्यांना? गाय व्यायला आलेली असताना? माझी आई? तू कुणाला सांगतेस! गाभण गाय सोडून ती माझ्या मामाच्या लग्नाला गेली नव्हती.

मला कळलंय काय झालंय ते. ती माझ्यावर रागावली आहे आणि तू तिला पाठीशी घालतेस. ते चार निरोप बहुधा शिव्याच असतील, म्हणून तू घड्याळ लावत नाहीस. बरोबर ना? शिव्या असल्या तरी चालतील गं. शांतता नाही सोसवत. कालपासून तीनदा जेवणघरापर्यंत गेलो आणि परत आलो.

आता मी जे लिहितो ते तिला मोठ्यानं वाचून दाखव. गाळू नकोस काही.

आपा, मी चुकलो. गायींबद्दल बोललो ते तुझ्याबद्दल नव्हतं, पण लागायचं तिथे लागलं, आणि मला ते लागलेलं दिसत होतं, तरी मी गाडीत बसलो. तू खिडकीतून ब्रेड दिलास तो मी घेतला नाही. पुढच्या वळणावर मी गाडी थांबवायला सांगणार होतो. नाही सांगितलं. मी एप्रिलात येतोय आणि परत जाणार नाही. गोठ्याचं छप्पर मी करीन. मला माफ कर.

ती काय म्हणते ते तिच्याच शब्दांत लिही, एजे. "गाढवा" म्हणाली तरी लिही.

मेडेर

*

कोचकोर, १९ मार्च

आबा,

मेडेरचं पत्र सोबत उतरवून पाठवतेय. वाचा आणि मग मला सांगा, मी काय करू. त्याला तिचं उत्तर हवंय.

मी खूप खोटं बोलले. उंदीर, वीज, झरे. जीभ झडत नाही म्हणून बोलत राहिले. पण मेलेल्या बाईच्या तोंडी माफी घालणं माझ्यानं व्हायचं नाही. आणि तो तिथे समजतोय की आई अबोला धरून बसली. हे त्याला खरं सांगण्यापेक्षा बरं आहे का? मला सांगू द्या. मी गोड शब्दांत सांगीन. हात जोडते.

साल्किनाय

*

सारी-कुंगोय, २३ मार्च

साल्किनाय,

नाही.

रागावू नकोस. तुला एक सांगतो, माझ्या बायकोलाही सांगितलेलं नाही. मी फौजेत होतो तेव्हा माझे वडील गेले. तार आली. आम्ही दोनशे जण जेवणाच्या रांगेत, हातात वाडगे. कारकुनानं नाव पुकारलं, कागद हातात दिला. मी वाचला. मागचा म्हणाला, "पुढे सरक." मी सरकलो. वाडग्यात लापशी घेतली, बसलो, खाल्ली. सगळी खाल्ली. त्या दिवसापासून वडिलांसाठी माझ्या डोळ्यांतून पाणी आलेलं नाही. घरी आलो तेव्हा लोक माझ्या गळ्यात पडून रडले आणि मी त्यांच्या पाठी थोपटत होतो. बावन्न वर्षं झाली.

मेडेरला हे व्हायला नको. गोड शब्दांतलं पत्रही पत्रच असतं. कागदाला हात नसतात.

तिच्या नावानं काही लिहू नकोस, ते बरोबर बोललीस. गाय व्यायली, पाडी झाली, पांढऱ्या कपाळाची. हे खरं आहे, हे लिही. त्याचं पत्र तिच्या घरी जाऊन वाच. मग वाचलं असं सांगता येईल.

कासिमाली आबा

*

कोचकोर, २७ मार्च

मेडेर,

मी सारी-कुंगोयला गेले होते. तुझं पत्र मोठ्यानं वाचलं, तुझ्या घरात, आतल्या खोलीत. एक शब्द गाळला नाही. ब्रेडचंही वाचलं.

गाय व्यायली. पाडी आहे, कपाळ पांढरं. कासिमाली आबा रोज येऊन बघतात.

बाकी तू आल्यावर बोलू. मेडेर, तू माझा सख्खा भाऊ असतास तरी ह्याहून जास्त जीव लावता आला नसता. हे उगाच लिहितेय, कशाला लिहितेय मला माहीत नाही.

एजे

*

खाण, ३० मार्च

एजे,

पासवर्ड बदललास हे मला काल दारातच कळलं. पण पासवर्ड नसला तरी मला येता येतं. जाण्याआधी माझ्या लॅपटॉपमधल्या किल्लीची एक फाइल मी त्या मशीनवर ठेवली होती. ती असली की पासवर्ड कोणी विचारत नाही. ती तू काढली नाहीस. तुला माहीत असायचं कारणही नाही.

काल सर्वेवाल्यानं दहा मिनिटं दिली. मला वाटलं, एजेचं तेवढं काम करून टाकावं, बिचारी शरमेनं सांगत नाही. क्रॉनची ओळ बदलली, तीन मिनिटं लागली. उरलेली सात मिनिटं मी खूश होतो. मग जेवणघरात माझा नंबर लागेपर्यंत थांबलो.

त्रेसष्ट मेल. पहिले चार आपाचे. पहिल्यात, छताला गळती आहे. दुसऱ्यात, पाय कोरडे ठेव. तिसऱ्यात तालायच्या टॅक्सीला नावं ठेवलीत. चौथ्यात लिहिलंय की ब्रेड तिनं परत नेला नाही, वळणावरच्या कुत्र्याला घातला, आणि कुत्रं माझ्यापेक्षा शहाणं निघालं. मी हसलो एजे. मोठ्यानं हसलो, लोक बघायला लागले. आणि पाचवा उघडला.

मला तुझा राग नाही. तू का वाचून दाखवलंस आणि उत्तर का लिहिलं नाहीस, तेही आता कळलं. रडू येत नाही. काम करतो, जेवतो. इथे कोणाला सांगितलेलं नाही, सांगून काय करतील?

एक कर. आबांना सांगू नकोस. मला माहीत आहे ते काय ठरवून बसले असतील. लहानपणी मी त्यांना दुसऱ्यांच्या फाटकाशी असं उभं राहिलेलं बघितलंय. त्यांना सांगू दे. मी ऐकून घेईन, जणू पहिल्यांदा ऐकतोय.

मेडेर

*

कोचकोर, १५ एप्रिल

मेडेर,

घाट बंद झाला! एप्रिलात एवढा बर्फ! तू बिश्केकहून काल रात्रीच निघून पुढे गेलास, आणि माझी गाडी आज सकाळी अर्ध्यातून परत. सागिन म्हणतो तुमचीही गाडी घाट उतरून पलीकडच्या गावात अडकलीये, एक-दोन दिवस लागतील. तो हा कागद एका ट्रॅक्टरवाल्याबरोबर तिथल्या दुकानदाराकडे धाडतोय, ट्रॅक्टर बर्फातूनही जातो म्हणे.

मी तुझ्याशेजारी असायला हवी होते. पंधरा दिवस जीभ चावून गप्प बसलेय, आबांच्या दोन पत्रांना खोटं उत्तर दिलंय, आणि ऐन वेळी मी घाटाच्या ह्या बाजूला. आबांनी भाषण पाठ केलंय रे. मला लिहून पाठवलं होतं, बरोबर आहे का बघ म्हणून. फार सुंदर आहे. तू दचकायला विसरू नकोस.

एजे

*

सारी-कुंगोय, २० एप्रिल

एजे,

घाट उघडला म्हणतात, म्हणून हे सागिनच्या हाती. तू पलीकडे अडकलीस ते एका परीनं बरं झालं. माझं तोंड बघून तूच आधी फुटली असतीस.

सतरा तारखेला पोचलो. अख्ख्या वाटेनं मी तोंडाची तयारी करत होतो. आबा बोलले की आधी न समजल्यासारखं करायचं, मग दचकायचं. गाडी थांबली. फाटकाशी बारा म्हातारे, टोप्या नीट घातलेल्या, चिखलात ओळीनं उभे. मी पिशवी खाली ठेवली. आबा पुढे आले, खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, "मेडेर." मग म्हणाले, "बाळा." आणि थांबले.

मी वाट बघतोय. पुन्हा "मेडेर". दीड महिना पाठ केलेलं भाषण, एजे, आणि एक शब्द फुटेना. ओठ नुसते हलतायत. बाकीचे अकरा खाली बघतायत, कोणी पुढे होईना. माझ्यानं ते बघवेना. मीच म्हणालो, "आबा, आपा गेली."

ते शब्द मी तोवर एकदाही तोंडानं उच्चारले नव्हते. खाणीवर कुणाशी बोलणार? माझाच आवाज माझ्या कानावर आला. तिथेच चिखलात बसलो. किती वेळ ओरडत होतो मला सांगता येणार नाही. बारा जणांनी धरलं होतं एवढं आठवतं.

चहा झाल्यावर आबांनी सगळ्यांना घरी पाठवलं आणि विचारलं, "कधी कळलं?"

"एकोणतीस मार्चला."

"सांगितलं कोणी?"

"कोणी नाही. यंत्र मीच दुरुस्त केलं."

मला वाटलं आता तुझा उद्धार होणार. पण त्यांनी बोटांवर मोजलं. "एकोणीस दिवस. जवळ कोण होतं?"

"कोणी नाही, आबा."

आबा उठले. काठी घेतली आणि गेले. मला वाटलं रागावले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला बाहेरून मोठ्यानं आक्रोश ऐकू आला. आपाचं नाव घेऊन कोणीतरी येत होतं, पहिल्या दिवशी माणसं येतात तसं. मी धावत दारात गेलो. आबा एकटे, काठी टेकत, वाकून, अंगणातून रडत येत होते. मला रिवाज माहीत आहे. दारात उभा राहिलो, तेही माझ्या गळ्यात पडले, दोघं रडलो. मग आत येऊन बसले आणि म्हणाले, "ते एकोणीस दिवस तू एकटा बसलास. ते मी मानत नाही. आजपासून मोजायचे."

काल आले, आज आले. तसेच, अंगणाच्या टोकापासून रडत. नंतर चहा पितात, पाडीला बघतात, घरी जातात. शेजारणी म्हणतात म्हाताऱ्याला भ्रम झाला. म्हणू देत.

तीन सकाळी झाल्या, सोळा राहिल्या. तू ये. दारात माझ्याशेजारी उभी राहा.

मेडेर